आपल्या घरातला फौजी बोलतोय, लिहून घ्या

२६ जानेवारीच्या तयारीत नववीच्या वर्गात मी सहज विचारलं, "कुणाच्या घरात, खानदानात कुणी फौजेत होतं का?" चार हात वर आले. तिघांनी मामू, चाचा अशी नाती सांगितली. चौथा मुलगा म्हणाला, "सर, माझ्या पणजोबांचं मेडल आहे. दादी कपाटात ठेवते." कोणत्या लढाईचं, असं विचारल्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, "माहीत नाही सर. दादीला पण माहीत नाही. दादाजान असते तर सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी तो ते रुमालात बांधून घेऊन आला. सहा टोकांचा काळपट तारा, मध्ये मुकुट, भोवतीच्या गोल पट्टीवर इंग्रजी अक्षरं. मी त्यालाच वाचायला सांगितलं. एकेक अक्षर जोडत त्याने वाचलं: बर्मा स्टार. म्हणजे त्याचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. ऐंशी वर्षं ही गोष्ट कपाटात पडून होती, ताऱ्यावर लिहिलेली होती, तरी घरात कुणालाच माहीत नव्हती.

त्या पणजोबांना आता कुणी काही विचारू शकत नाही. पण १९६५ च्या लढाईत जो वीस वर्षांचा शिपाई होता, तो आज ऐंशीच्या घरात आहे. १९७१ वाला पंचाहत्तरीच्या आसपास. श्रीलंकेत गेलेले, सियाचीनवर राहिलेले, कारगिलच्या वेळी सरहद्दीवर असलेले तर आपल्या गल्लीत रोज दिसतात. बँकेत सिक्युरिटीला असतात, केळीच्या बागेत असतात, फजरनंतर ओट्यावर बसलेले असतात. त्यांच्या आठवणी कशा लिहून घ्यायच्या, मेडल कसं वाचायचं आणि फौजेची कागदं का सांभाळायची, हे या लेखात सांगतो.

फैजपूरला काय आठवतं

आपल्या फैजपूरला एक गोष्ट पक्की आठवते. डिसेंबर १९३६ मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेडेगावात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू होते, गांधीजी आले होते, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. शाळेतलं लहान पोरही हे सांगतं. कारण त्याची भाषणं छापली गेली, फोटो निघाले, अहवाल झाले, पुस्तकांत नोंद झाली.

साम्राज्याच्या लढाईत हिंदुस्थानला ओढू नये, हा विचार त्या अधिवेशनातही मांडला गेला होता. पण तीन वर्षांत, सप्टेंबर १९३९ मध्ये, लढाई आलीच आणि इंग्रज सरकारने इथल्या लोकांना न विचारता हिंदुस्थानला त्यात उतरवलं. लढाई संपेपर्यंत सुमारे २५ लाख हिंदी माणसं फौजेत होती. ब्रह्मदेश, उत्तर आफ्रिका, इटली अशा ठिकाणी ती लढली. कुणी पगारासाठी गेलं, कुणी दुष्काळाला कंटाळून, कुणी बापाची पलटण म्हणून.

त्यांतल्या काहींची नावं इतिहासात आली. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत लढताना मारले गेले. नामदेव जाधव यांनी १९४५ मध्ये इटलीतच सेनिओ नदीकाठी पराक्रम केला. दोघेही मराठा पलटणीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बाकीचे लाखो लोक घरी आले, ट्रंक पलंगाखाली सरकवली आणि शेतीला लागले. अधिवेशनाचं लिहिलं गेलं म्हणून ते राहिलं. शिपायाचं कुणी लिहिलं नाही, म्हणून ते त्याच्याबरोबर कबरस्तानात गेलं.

सलमान पाकजवळचा शिपाई

आपल्या समाजाला ही गोष्ट आणखी जवळची आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मराठा पलटणींमध्ये मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. या पलटणी पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे तुर्की फौजेशी त्यांची मोठी लढाई झाली. इंग्रजी पुस्तकांत त्या जागेचं नाव टेसिफॉन आहे. तिथले लोक तिला सलमान पाक म्हणतात, कारण हजरत सलमान फारसी (रजि.) यांची मजार तिथे आहे.

मदिन्याच्या रक्षणासाठी खंदक खोदण्याचा सल्ला देणारे सहाबी म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांच्याच मजारीच्या परिसरात तुर्कांनी खंदक खोदले होते आणि समोरून पुणे डिव्हिजन चालून जात होती. समोरचा सैनिक कलमा पढणारा, त्याचा सुलतान सगळ्या मुसलमानांचा खलिफा मानला जाणारा, आणि इकडे नोकरीची कसम खाल्लेला दख्खनचा शिपाई. त्याच्या मनात काय चाललं असेल? पुढे हीच डिव्हिजन कुत अल अमारा इथे वेढ्यात अडकली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ इतका काळ वेढा चालला. दाणापाणी संपलं आणि सुमारे १३ हजार माणसं कैदी झाली. कैदेत पुष्कळ जण उपासमारीने आणि रोगाने गेले.

जे परत आले, त्यांनी चुलीपाशी बसून काहीतरी सांगितलंच असेल. आपल्यापर्यंत ते पोचलं नाही.

गंमत बघा, त्याच लढाईतल्या दुसऱ्या काही हिंदी शिपायांचे शब्द आजही आहेत, पण परदेशात. फ्रान्सच्या आघाडीवरून शिपाई घरी जी पत्रं पाठवायचे, ती सेन्सॉरवाले उघडून वाचायचे. त्यांतली बरीच उर्दूत होती. त्यांचे इंग्रजीत केलेले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेले आहेत. बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फ इथे जर्मनांची एक कैदी छावणी होती, 'अर्धचंद्र छावणी' नावाची. मुसलमान कैद्यांसाठी १९१५ मध्ये तिथे लाकडी मशीद उभारली होती. त्या छावणीतल्या हिंदी कैद्यांचे आवाज जर्मन अभ्यासकांनी भाषेच्या अभ्यासासाठी रेकॉर्ड केले. ते आजही बर्लिनच्या विद्यापीठात आहेत. दुश्मनाने आवाज जपला, सेन्सॉरने पत्र जपलं. आज तर प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे.

जुने फौजी काय सांगतात

मी आमच्या भागातल्या काही माजी सैनिकांजवळ बसलो आहे. लढाईची गोष्ट ते आधी सांगत नाहीत. आधी खाण्याचं सांगतात. लंगरमधल्या डाळीचं, बर्फात डबा फोडून गरम केलेल्या भाजीचं, झटका की हलाल यावरून पहिल्या दिवशी झालेल्या गोंधळाचं आणि मग युनिटमध्ये कशी सोय झाली त्याचं. मग थंडी, सुट्टी, रेल्वेतला तीन दिवसांचा प्रवास, भुसावळ स्टेशन आलं की छातीत होणारी धडधड.

एका चाचांनी रमजानचं सांगितलं. त्यांच्या तुकडीत रोजा धरणारे दोघंच. इफ्तारच्या वेळी पहाऱ्यावर त्यांच्या जागी कोण उभं राहणार, हे बाकीच्यांनी आपसात आधीच ठरवलेलं असायचं. "दिवाळीला आम्ही त्यांची ड्यूटी करायचो, हिशेब बराबर," असं म्हणून ते हसले. अनेक युनिटमध्ये मंदिर, मशीद, गुरुद्वारा एकाच आवारात असतं आणि फौजेत मौलवी, पंडित, ग्रंथी हे धर्मशिक्षक म्हणून हुद्द्यावर नेमलेले असतात, हे आमच्या कितीतरी मुलांना माहीतच नाही.

दुसरे एक जण १९७१ मध्ये पूर्वेकडे ड्रायव्हर होते. ढाक्यात १६ डिसेंबरला शरणागती झाली, हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्यांना आठवते ती रस्त्याने जाणारी माणसं, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. एवढं बोलून ते थांबले आणि चहा मागितला. मीही पुढचा प्रश्न विचारला नाही. फौजी गप्प होतो तेव्हा ती गप्पही त्याच्या बोलण्याचाच भाग असते.

आणि घरातल्या बाईला विसरू नका. नवरा सरहद्दीवर, पत्त्याच्या जागी फक्त '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ', म्हणजे तो नेमका कुठे आहे ते तिलाही ठाऊक नाही. पत्र आलं की वाचून दाखवायला मास्तरला शोधा, मनिऑर्डर येईपर्यंत दुकानदाराची उधारी सांभाळा, पोरांना ताप आला की एकटीनेच दवाखाना गाठा. फौजीच्या बायकोने केलेली ही नोकरी कुठल्याच कागदावर नाही. ती दादीच्या, नानीच्या तोंडूनच ऐकावी लागते.

आठवणी कशा विचाराव्यात

"लढाईचं सांगा ना" असं म्हणून सुरुवात करू नका. एवढ्या मोठ्या प्रश्नाला "काय सांगायचं बेटा, नोकरी केली" एवढंच उत्तर येतं. लहान, हाताला लागणारे प्रश्न विचारा. भरतीला कुणाबरोबर गेलात? छाती मोजली तेव्हा भीती वाटली का? ट्रेनिंग कुठे झालं? पहिला पगार किती, तो कुणाच्या हातात दिला? उस्ताद कोण होता? पहिली ईद घरापासून लांब कुठे झाली? कुणाची आठवण येते?

काही गोष्टी ध्यानात ठेवा:

एका बैठकीत अर्धा-पाऊण तास पुरे. मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी त्यांना विचारा. सुरुवातीला तारीख, गाव आणि त्यांचं नाव त्यांच्याच आवाजात घ्या.

मध्ये दुरुस्ती करू नका. सन चुकला तर चुकू द्या. नंतर डिस्चार्ज बुक बघून तो ताळता येतो. तुटलेली गोष्ट परत जुळत नाही.

भाषा बदलू नका. आपले फौजी तीन भाषा एकत्र बोलतात: घरची उर्दू, गावची मराठी आणि फौजी हिंदी. इंग्रजांच्या काळात फौजेत रोमन अक्षरांत लिहिलेली उर्दू चालायची, शिपायांना ती शिकवली जायची, तिच्या परीक्षा व्हायच्या. १९०९ मध्ये निघालेला 'फौजी अखबार' पुढे १९५४ पासून 'सैनिक समाचार' झाला. म्हणून त्यांचे 'उस्ताद', 'लंगर', 'हुकूम', 'नफरी', 'रवानगी' हे शब्द तसेच लिहा. तो फौजेचा वारसा आहे, आपल्या उर्दूचाही आहे.

जखम, मयत, साथीदाराचा इंतकाल असे विषय त्यांनी स्वतः काढले तरच ऐका. झोप उडत असेल, जुनं आठवून त्रास होत असेल तर बैठक थांबवा, गरज वाटली तर डॉक्टरांना दाखवा.

आणि एक महत्त्वाचं. हे आपण कुणाला पुरावा द्यायला लिहीत नाही. शहीद अब्दुल हमीद १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण भागात जीपवरच्या तोफेने शत्रूचे रणगाडे फोडताना गेले आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान ३ जुलै १९४८ रोजी झांगडजवळ शहीद झाले, त्यांना महावीर चक्र मिळालं. ही नावं आपण अभिमानाने घेतो, घेतलीच पाहिजेत. पण कुणी बोट दाखवलं की तीच दोन नावं पुढे करायची, अशी सवय आपल्याला लागली आहे. त्यामुळे मुलांना वाटतं की फौजेत मुसलमान म्हणजे एकदोन शूर शहीद. पंधरा-सतरा वर्षं इमानाने स्वयंपाक केला, गाडी चालवली, वायरलेस सांभाळला आणि पेन्शनवर घरी आला, असा साधा फौजी त्यांना दिसत नाही. तो आपल्याच मोहल्ल्यात राहतो.

मेडल कसं वाचावं

दुसऱ्या महायुद्धातल्या ताऱ्यांवर आघाडीचं नाव असतं: बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार. पहिल्या महायुद्धातलं गोल मेडल असेल तर त्याची कड भिंगाने बघा. तिथे शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते.

आझादीनंतरचं मेडलही बोलतं. समर सेवा स्टार १९६५ च्या लढाईचा. १९७१ मध्ये जे पूर्व आघाडीवर होते त्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. कारगिलसाठी ऑपरेशन विजयचं मेडल. सियाचीनचं वेगळं मेडल आहे. सैन्य सेवा मेडलवर पट्टी असेल तर तिच्यावर भागाचं नाव असतं. नऊ वर्षं आणि वीस वर्षं सेवेचीही मेडल असतात. ब्रासो लावून घासघासून चमकवू नका, कडेची अक्षरं झिजतात. मऊ कपड्याने पुसा, फोटो काढा आणि कागदात गुंडाळून ठेवा.

पलटणीचा ग्रुप फोटो असेल तर त्याच्या मागे नावं लिहून घ्या. रांगेतला कोण कोण, हे सांगणारा माणूस गेला की तो फोटो मुका होतो.

कागदावरचं नाव

आठवणींबरोबर घरातली कागदं बाहेर निघतात आणि इथे खरा पैशाचा प्रश्न येतो. आमच्या ओळखीत एक चाचा वारले. मागे बेवा चाची. फॅमिली पेन्शनला महिनोन्महिने उशीर झाला. कारण साधं होतं. पेन्शनच्या कागदावर त्यांचं नाव एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं.

खानदेशात आपल्याकडे नाव लिहायची पद्धतच अशी आहे: शेख अमुक शेख तमुक. फौजेच्या कागदात त्याचं 'एसके' होतं, शाळेच्या दाखल्यावर 'शेख', आधारवर स्पेलिंग आणखी वेगळं. बायकोचं नाव एकीकडे हमीदा, दुसरीकडे हमीदाबी, तिसरीकडे हमीदा बेगम. घरात सगळ्यांना ठाऊक असतं की बाई एकच आहे. कार्यालयातल्या कारकुनासमोर मात्र तीन बायका उभ्या राहतात.

म्हणून माणूस हयात असतानाच एवढं करा. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, शोधून काढा. पीपीओवर बायकोचं नाव आणि जन्मतारीख आहे का, ती आधार आणि बँकेच्या पासबुकाशी जुळते का, ते बघा. फरक असेल तर जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथून पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज कसा करायचा, कोणती कागदं लागतील, ते विचारून घ्या. पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर आहे, म्हणून तिथली नोंदही तपासा. दरवर्षी हयातीचा दाखला वेळेवर द्या. सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

पीपीओ, सर्व्हिस नंबर, बँकेचा तपशील कौतुकाने व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. पेन्शनरांना फोन करून फसवणारे अशीच माहिती शोधत असतात. मुलगा किंवा पुतण्या आज नोकरीत असेल तर त्याच्या पोस्टिंगच्या गोष्टीही लिहू नका, शेअर करू नका.

लिहिलं, मग पुढे काय

अमेरिकेत २००० साली तिथल्या संसदेने कायदा करून माजी सैनिकांच्या आठवणी गोळा करायला सुरुवात केली. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये त्या ठेवल्या जातात. मुलाखत घ्यायला पदवी लागत नाही. नातू, शेजारी, शाळेतली मुलं कुणीही घेऊ शकतं, फक्त रेकॉर्डिंग अर्ध्या तासापेक्षा कमी नको. आपल्याला तेवढी मोठी इमारत नको. एक वही, एक पेनड्राइव्ह आणि एक जबाबदार माणूस पुरे. वही घरात ठेवा, झेरॉक्स शाळेच्या किंवा मोहल्ल्याच्या वाचनालयात द्या. आमच्या शाळेत यंदा नववीच्या मुलांना प्रकल्प म्हणून हेच दिलं आहे. गुण थोडे आहेत, तरी मुलं मन लावून करतायत.

मेडलवाल्या मुलाने प्रकल्पात पणजोबांबद्दल जेमतेम अर्धं पान लिहिलं. त्यापेक्षा जास्त त्याच्याकडे नव्हतंच. पण वहीची पुढची पंधरा पानं त्याने शेजारच्या एका फौजी चाचांच्या आठवणींनी भरली. त्या चाचांना याआधी कुणी काही विचारलंच नव्हतं.

येत्या जुम्याला नमाजनंतर तुमच्या घरातल्या, गल्लीतल्या फौजीजवळ दहा मिनिटं बसा. चहा मागवा. आणि पहिला प्रश्न लहान ठेवा: "चाचा, भरतीला निघालात त्या सकाळी घरून काय खाऊन निघाला होतात?"